अपडेटनंतर मराठी अक्षरं बिघडतात तेव्हा

ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी अपडेट झाली, संगणक नीट सुरू झाला, वायफाय लागलं, प्रिंटरही सापडला. बिघडलं ते फक्त मराठी. तेही असं, की दुसऱ्या कुणाला दाखवलं तर तो म्हणेल, ‘वाचता येतंय की!’ वाचता येत होतंच. पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या वळणाचे झाले होते, मथळ्यांतल्या ठळक अक्षरांच्या पोकळ्या बुजल्या होत्या, मजकुरात मधूनच एखादं अक्षर परकं वाटत होतं आणि काही जुन्या फायलींत तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. मी दिवसभर मराठी मजकूर लिहिते आणि तपासते. माझ्यासाठी ‘वाचता येतंय’ एवढं पुरेसं नाही. म्हणून एकेक दुखणं धरून मुळाशी गेले. हा सगळा अनुभव लिनक्सवरचा आहे, पण दुखण्यांची कारणं सगळीकडे बरीचशी सारखीच असतात.

सर्वांत आधी वेगवेगळी लक्षणं वेगवेगळी ठेवायला हवीत, हे मी आग्रहानं सांगेन. रिकामा चौकोन दिसला तर त्या अक्षराचं चित्र कुठल्याच फॉन्टमध्ये सापडलेलं नसतं. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसलं तर फॉन्टचा काहीच संबंध नाही; फाइल ज्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना आकड्यांत साठवण्याच्या ज्या पद्धतीत, साठवली त्यात ती वाचली जात नाहीये. मराठीऐवजी रोमन अक्षरांची गिचमिड दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात) नाही, जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर बेतलेला आहे. आणि अक्षर आहे पण वळण बदललंय, असं असेल तर फॉन्ट बदलला आहे किंवा भाषेची खूण हरवली आहे. ही चार दुखणी एकाच औषधानं बरी होत नाहीत. ‘सगळे फॉन्ट पुन्हा टाकून बघा’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. त्यानं कधी कधी काम होतं, पण कशानं झालं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तपासणीसाठी मी एक छोटी मजकूर-फाइल ठेवली आहे. तिच्यात ‘शाळेतला लहान मुलगा’, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘ब्राह्मण’, ‘ॲसिड’, ‘ट्रॅक्टर’, ‘कीर्तीं’ असे शब्द आहेत. यात मराठीच्या बहुतेक नाजूक जागा येतात: पाकळीयुक्त ल, देठयुक्त श, चंद्रकोरीचा र, ङ आणि म यांची जोडणी, रफार आणि अनुस्वार एकाच वेलांटीवर. कुठल्याही फॉन्टची परीक्षा या फाइलवर लगेच होते. फक्त ही परीक्षा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, घेऊ नका. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा कप्पा असतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या चांगल्या फॉन्टमध्येही विस्कटलेल्या दिसू शकतात.

आधी ल आणि श.

लिनक्सवर कुठला फॉन्ट कधी वापरायचा हे फॉन्टकॉन्फिग ठरवतं. त्याला थेट विचारता येतं. टर्मिनलमध्ये एफसी-मॅच ही आज्ञा देऊन पुढे भाषा म्हणून मराठीचा एमआर हा संकेत दिला, की मराठीसाठी तो कुठली फाइल उचलणार हे कळतं. एफसी-लिस्टला हाच संकेत दिला तर मराठी लिहू शकणाऱ्या सगळ्या फॉन्टांची यादी मिळते. माझ्याकडे आधी लोहित मराठी होता. अपडेटनंतर उत्तर आलं नोटो सॅन्स देवनागरी. फॉन्ट चांगला आहे, मोठ्या कष्टानं केलेला आहे. आणि ल-शची मराठी वळणंही त्यात आहेत. मग ती दिसत का नव्हती?

याचं उत्तर ओपनटाइप या आजच्या नेहमीच्या फॉन्ट-प्रकाराच्या रचनेत आहे. हिंदीतला ल आणि मराठीतला ल यांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच आहे. देवनागरीचा अख्खा पट्टाच सर्व भाषांना सामाईक आहे. वळणातला फरक फॉन्टमध्ये ठेवलेला असतो. नेहमीचं चित्र हिंदी वळणाचं, आणि ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी खूण मिळाली तरच मराठी वळणाचं चित्र पुढे येतं. या सोयीचं नाव ‘लोकल’; ते एल-ओ-सी-एल अशा चार रोमन अक्षरांत लिहितात. लोहित मराठीला कुणी काही सांगण्याची गरज नव्हती, कारण तो फॉन्टच मराठीचा. सगळ्या देवनागरी भाषांसाठी मिळून एकच फॉन्ट आला, तशी भाषा सांगण्याची जबाबदारी प्रोग्रॅमवर आली. आणि माझ्या संगणकाची मुख्य भाषा इंग्रजी आहे. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या खिडक्यांमधली अक्षरं मांडणारं पॅन्गो अशा वेळी देवनागरी लिपी बघून भाषेचा अंदाज करतं, आणि देवनागरीसाठी त्याचा अंदाज हिंदी असतो.

इलाज छोटासा निघाला. पॅन्गो अंडरस्कोर लँग्वेज या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना वाचतात अशी एक सेटिंग असते; नाव सगळं कॅपिटल रोमन अक्षरांत लिहायचं. त्यात इंग्रजीचा संकेत, मग कोलन, मग मराठीचा संकेत दिला. लॉगआउट करून पुन्हा आत आले, तर फाइलींच्या नावांतले, मेनूतले, सूचनांतले सगळे ल आणि श आपल्या वळणावर आले होते. संगणकाची भाषा इंग्रजीच राहिली. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-प्रोग्रॅममध्ये हेच काम पर्यायांमधल्या भाषेच्या पानावर होतं. तिथे पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट असे वेगळे कप्पे आहेत; देवनागरी तिसऱ्यात येते, आणि त्या कप्प्यात हिंदी असेल तर ती बदलून मराठी करायची. जुन्या दस्तऐवजाच्या आतच हिंदीची खूण बसलेली असेल, तर सगळा मजकूर निवडून त्याची भाषा बदलावी लागते. वेबपान स्वतः तयार करत असाल तर पानाच्या सुरुवातीलाच भाषा एमआर असल्याचं लिहा. हे लिहिलेलं नसलेली मराठी पानं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. एका शब्दाचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे वाचणाऱ्याला वळण हिंदीचं मिळतं.

परक्या वाटणाऱ्या अक्षराचा शोध फायरफॉक्समध्ये लागला. पानावर उजवं बटण दाबून इन्स्पेक्टर उघडला, की त्यात फॉन्टांचा एक कप्पा असतो. निवडलेल्या मजकुरासाठी प्रत्यक्षात कुठकुठले फॉन्ट वापरले गेले त्यांची नावं तिथे दिसतात, आणि एखाद्या नावावर माउस नेला की पानावर त्या फॉन्टमधली अक्षरं ठळकपणे दाखवली जातात. माझी तपासणीची फाइल ब्राउझरमध्ये उघडून मी दुसऱ्या नावावर माउस नेला. अख्ख्या परिच्छेदात फक्त ‘ॲ’ उजळला. पान खूप मोठं करून पाहिलं: ‘ॲसिड’मध्ये ‘ॲ’वरची शिरोरेषा ‘सि’वरच्या शिरोरेषेपेक्षा किंचित वर आणि किंचित जाड होती. दोन्हींच्या सांध्यावर बारीकशी पायरी पडली होती. नेहमीच्या आकारात ती वेगळी दिसत नाही, पण डोळा तिथे अडखळतो.

कारण असं, की मजकुरासाठी मी वापरत असलेला फॉन्ट जुना आहे आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आलं. त्याचा क्रमांक ०९७२. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतंच. फॉन्टमध्ये जे अक्षर नाही ते प्रणाली यादीतल्या पुढच्या फॉन्टमधून उसनं आणते. अपडेटच्या आधी तो पुढचा फॉन्ट योगायोगानं मिळताजुळता होता, म्हणून कधी लक्षात आलं नाही. अपडेटनं यादीतला क्रम बदलला आणि उसनवारी उघडी पडली. जिथे अक्षर एका फॉन्टचं आणि त्याची खूण दुसऱ्या फॉन्टची अशी फाळणी होते, तिथे तर वेलांटी एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. मी त्या फॉन्टची नवी आवृत्ती मिळवली, घरच्या फोल्डरमधल्या फॉन्टांच्या जागी ठेवली, फॉन्टांची नोंद ताजी करणारं एफसी-कॅश सक्तीनं पुन्हा चालवलं आणि जुनी फाइल काढून टाकली. जुनी तशीच ठेवली तर एकाच नावाचे दोन फॉन्ट होतात आणि कुठला उचलला जाईल याची खात्री राहत नाही.

ठळक मथळ्यांचं दुखणं त्या मानानं सोपं होतं. मथळ्यांचा फॉन्ट ज्या पॅकेजमधून आला होता ते पॅकेज नव्या आवृत्तीत गळलं होतं. त्याच्या जागी आलेल्या फॉन्टला ठळक फाइलच नव्हती, मग प्रणाली साध्या अक्षरांनाच फुगवून ठळक करत होती. रोमनमध्ये हे खपून जातं. मराठीत ‘ष्ठ’, ‘द्ध’ अशा अक्षरांचा गोळा होतो. लिबरऑफिसमध्ये हे ओळखायची सोपी खूण आहे: फॉन्टच्या नावाची पेटी बघा. नाव तिरप्या अक्षरांत दिसलं तर तो फॉन्ट संगणकावर नाही, तुम्हाला दिसतोय तो बदली आहे. पॅकेज पुन्हा टाकलं, काम झालं.

जुन्या फायलींनी मात्र वेळ घेतला. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवून फॉन्ट केले जात. तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं. तो गेला की खालची रोमन गिचमिड वर येते. काही फॉन्ट ‘चिन्हांचे’ म्हणून नोंदलेले असत. त्यांचा मजकूर काही प्रोग्रॅम युनिकोडमधल्या खासगी वापराच्या पट्ट्यात साठवतात, आणि त्या पट्ट्यात दुसऱ्या फॉन्टकडे सहसा चित्र नसतं. म्हणून काही फायलींत गिचमिड आणि काहींत चौकोन. माझ्याकडचे असे बरेच फॉन्ट पोस्टस्क्रिप्टच्या टाइप वन या जुन्या प्रकारचे आहेत. फायली जागच्या जागी होत्या, अपडेटनं त्यांना हातही लावला नव्हता. त्या वाचणंच बंद झालं होतं. लिबरऑफिसनं टाइप वन २०१७मध्ये ५.३ आवृत्तीत सोडलं, पॅन्गोनं २०१९मध्ये १.४४ आवृत्तीत. जुन्या प्रणालीवरून एकदम पुढे उडी मारली की हे सगळे बदल एकत्र अंगावर येतात.

फॉन्टफोर्ज या मोफत प्रोग्रॅममध्ये ते टाइप वन फॉन्ट उघडून ओपनटाइप म्हणून बाहेर काढले. त्यानं फायली पुन्हा दिसू लागल्या, पण हा तात्पुरता आधार आहे. असा मजकूर शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, दुसऱ्या संगणकावर नेला की पुन्हा गिचमिड. त्यामुळे प्रत्येक फाइल युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. त्यासाठीचे परिवर्तक असतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी निराळी, म्हणून परिवर्तक नेमका त्याच फॉन्टचा लागतो. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. चुका होतात त्या बहुतेक इथेच. ‘निर्मिती’, ‘वर्षिला’, ‘स्थिर’, ‘आर्थिक’ असे शब्द मी मुद्दाम शोधून पाहते. ते बरोबर उतरले असतील तर बाकीचा मजकूर सहसा बरोबर असतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ वेगळे तपासावे लागतात. ते ऱला हलन्त लावूनही लिहिता येतात आणि साध्या रला हलन्त लावून त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह घालूनही. दिसायला सारखेच, पण ‘दऱ्या’ शोधताना एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसरीत सापडत नाही. मी सगळीकडे पहिली पद्धत ठेवली.

परिवर्तित झालेल्या प्रत्येक फाइलची एक पीडीएफही काढून ठेवते आहे. तिच्यात फॉन्ट आत बांधले गेलेत की नाही ते पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा सांगते. तिच्या तक्त्यात ‘एम्बेडेड’च्या रकान्यात सगळीकडे ‘यस’ दिसलं, की ती पीडीएफ कुठल्याही संगणकावर, कुठल्याही अपडेटनंतर तशीच उघडते. एखादीही ओळ ‘नो’ आली तर ती पीडीएफ मी पुन्हा तयार करते.