चिमणी डावीकडे गेली

मंगळवार, रात्र

आज लिहायचं नव्हतं. कपडे मशीनमध्ये टाकून सरळ झोपायचं ठरवलं होतं. पण डोक्यातून तो फळा जात नाही.

खोगिरांच्या खोलीतला पांढरा फळा. काल संध्याकाळी बॉसने तो पुसून नव्याने लिहिला. डावीकडे तो स्वतः बसणार ते घोडे, उजवीकडे आम्हा मदतनिसांचे. चिमणी, माझ्या हाताखालची घोडी, डावीकडे गेली. बस्स, एवढंच झालंय. तिला कोणी विकलं नाही, ती लंगडत नाही, पोटात कळ नाही. उलट आनंदाचीच गोष्ट. डावीकडचे म्हणजे ऑक्टोबरात टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला स्पर्धेला न्यायचे. स्नॅफल बिट फ्युचरिटी म्हणजे गाई अडवणाऱ्या घोड्यांची ही स्पर्धा, तीत फक्त तीन वर्षांचे घोडे उतरतात, त्यामुळे प्रत्येकाला आयुष्यात एकच संधी. चिमणीचं नशीब उघडलं आणि मी दिवसभर नाक फुगवून हिंडतेय.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं मग पेढे वाट की!" आणि लगेच, "त्या गाईंना उगाच पळवता, वर एकमेकांना बक्षिसं देता. कमाल आहे बाई तुमची." तिला हे पटवायचा नाद मी कधीच सोडला. बाबांच्या गुडघ्याचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तर खुपतंय काय? माझी शिंगी नेली म्हणावं, तर ती माझी होती कधी? मालकीण डॅलसला. ती दर महिन्याला बिल भरते, सफरचंदं घेऊन येते, फोटो काढते. कागदावर तिचं भलंमोठं नाव आहे, आजोबा मेटॅलिक कॅट हा नावाजलेला घोडा वगैरे. चिमणी हे नाव फक्त माझ्या तोंडी. मी पगारी माणूस. पगार घेऊन पाठीवर खोगीर ठेवू द्यायला शिकवलं, पगार घेऊनच पहिल्यांदा बसले. डावा लगाम जरासा ओढला की मान डावीकडे वळवायची, 'वो' म्हटलं की मागचे पाय पोटाखाली घेऊन थांबायचं, हे सगळं पगारातच आलं. हिशोब चुकता आहे. मग?

त्या काळ्या कालवडीचा दिवस आठवतोय. तोवर चिमणीने सरावासाठी गाईच्या जागी फक्त दोरीवर मोटरने सरकणारा झेंडा पाहिला होता. खरं जनावर समोर आलं तशी आधी फुरफुरली, दोन पावलं मागे सरली. मी लगाम सैल सोडला. कालवड कुंपणाकडे निघाली, आणि चिमणी मी न सांगता तिच्याबरोबर निघाली. कालवड थबकली. हिनेही पुठ्ठा खाली दाबला, मान उतरवली आणि तिथल्या तिथे उलटी फिरली. मी खोगिराच्या बोंडाला धरून कशीबशी वर राहिले. हे कोणी शिकवलं? मी नाही. रक्तातच असतं म्हणतात. आता लिहिताना वाटतंय, तेव्हाच समजायला हवं होतं की हिचं माझ्यावाचून काही अडणार नाही.

अडत नाही, हेच खुपतंय बहुतेक.

आणि घाई. कागदावर ती तीन वर्षांची, कारण क्वार्टर हॉर्स या तिच्या जातीत सगळ्यांचं वय १ जानेवारीला वाढतं. खरी जन्मली मे महिन्यात. अजून मार्च चालू आहे. कॅलिफोर्नियातले जुने वाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे, म्हणे एकेका घोड्याला वर्षानुवर्षं देत. पक्के दात येईपर्यंत तोंडात लोखंड नको म्हणून नाकावर विणलेल्या कातड्याचा पट्टा, म्हणजे बोसाल, पुढे बोसाल आणि लगाम दोन्ही, आणि सगळ्यात शेवटी स्पेड बिट, म्हणजे तोंडातली लोखंडी कडी, लगाम एका हातात धरून. ती परंपरा बुडू नये म्हणून १९४९ साली तिकडे संघटना निघाली. आणि १९७० साली त्याच परंपरेच्या नावाने तीन वर्षांच्या पोरांची ही स्पर्धा सुरू झाली! मला गंमत वाटते. बॉसला वाटत नाही. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते, आणि फेन्सवरचं काम म्हणजे कुंपणालगत भरधाव गाईला गाठायचं, तिच्या पुढे जाऊन तिला वळवायचं, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा... जाऊ दे. तो विषय आज नको. फेन्स तिला अजून दाखवलेली नाही. बॉस दाखवेल.

आज कळपातल्या कामाचा सराव होता. अडीच मिनिटांत कळपातून एकेक गाय वेगळी काढायची आणि तिला परत जाऊ द्यायचं नाही. चिमणीवर बॉस. मला म्हाताऱ्या घोड्यावर बसवून टर्नबॅकला उभं केलं, म्हणजे निसटू पाहणारी गाय पुन्हा चिमणीच्या तोंडावर घालायची. मनात म्हटलं, वा, हेच बाकी होतं.

उभं राहून बघायचं तर समोर चिमणी. पाठीवर बसणाऱ्याला घोड्याचे दोन कान आणि आयाळ दिसते. इतके महिने मी तेवढंच बघत आले. आज गाय अडवताना तिचं तोंड पहिल्यांदा समोरून पाहिलं. नाकपुड्या रुंद, कपाळावरची झुलपं डोळ्यात गेलेली तरी डोळा मिटत नाही, आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, गणित घालताना पोरं काढतात तसं. डावीकडे गाय, डावीकडे चिमणी. मला हसू फुटलं. बॉसने वरून ओरडून विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बॉसचंही तिला काही पडलेलं नव्हतं. तिला फक्त ती गाय दिसत होती. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हा फळा आमच्या खोलीत टांगलाय, तिच्या नाही.

राग गेला असं नाही. पण रागवायचं कोणावर ते कळेना, आणि तेवढ्यात बॉसने उद्याची यादी सांगितली. पहिली चिमणी, पावणेसहाला. डावीकडच्या घोड्यांना गोल फिरवून, अंग मोकळं करून तयार हातात कोण देतं? उजवीकडची माणसं. म्हणजे रोज सकाळी तिच्यावर आधी मीच बसणार, घाम मी काढणार, आणि मग साहेब येणार. नशीब माझं! पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जिभेचं त्याला सांगायला हवं. लगाम कुठे टोचतोय का, दाढ येतेय का, डेंटिस्टला बोलवावं लागेल. पाठीवरून त्याला ते दिसायचं नाही. उद्या फिरवून आणल्यावर सांगते.

माझ्या बाजूला तिच्या जागी दोन वर्षांचा एक लाल खोडकर आलाय. आज दुपारी पाणी दाखवायला गेले तर बाहीच धरली. शर्ट फाटला. कपडे मशीनमध्ये टाकायचे राहिलेत ते राहिलेतच.