आमची वाटचाल : अर्ज लिहिण्यापासून पेटंट टिकवण्यापर्यंत

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांचे पेटंट अर्ज लिहून देणं एवढंच सुरुवातीला आमचं काम होतं. आता निम्म्याहून जास्त वेळ वादांत जातो. चार-पाच माणसांची कंपनी एकीकडे आणि स्वतःचा कायदा विभाग बाळगणारी कंपनी दुसरीकडे. नव्या अशिलाला एक गोष्ट पटायला वेळ लागतो : ‘त्यांनी आमची नक्कल केली’ हा मुद्दा लवकरच मागे पडतो आणि भांडण तुमचं पेटंट मुळात टिकतं का, यावर येतं.

पेटंट कायदा, १९७० चं कलम १३(४) पाहा. पेटंट मंजूर झालं म्हणून ते वैध असल्याची हमी मिळत नाही. तुम्ही दावा लावलात की समोरचा कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा करतो, आणि कलम १०४ नुसार प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जातं. खर्च तिथेच वाढतो.

उदाहरणार्थ, मदुराईच्या एस. रामकुमार यांना एकाहून जास्त सिम चालवणाऱ्या फोनचं पेटंट २००८ मध्ये मिळालं. पुढच्या वर्षी त्यांनी कस्टम्सकडे तक्रार करून अशा फोनच्या आयातीला हरकत घेतली. २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने पेटंटच रद्द केलं. कस्टम्सचा तो मार्गही आता नाही, २०१८ मध्ये आयात रोखण्याच्या त्या नियमांतून पेटंट वगळली गेली.

कॅनडातल्या टोरांटोच्या आयफोरआय कंपनीने अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध वर्डमधल्या एक्सएमएलच्या (मजकुरावर खुणा करून त्याची रचना सांगणाऱ्या पद्धतीच्या) सोयीवरून दावा जिंकला. ज्युरीने २००९ मध्ये २० कोटी डॉलर दिले. आयफोरआयच्या एका जुन्या प्रॉडक्टचा सोर्स कोड शिल्लक नव्हता, आणि ‘शोध त्याच प्रॉडक्टमधून अर्जाआधीच विकला गेला होता, म्हणून पेटंट अवैध आहे’ यावर मायक्रोसॉफ्टचा भर होता. पण पेटंट अवैध ठरवायला स्पष्ट आणि खात्रीशीर पुरावा लागतो, हेच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केलं. आपल्याकडे हे कवच नाही. म्हणूनच जुना कोड, ड्रॉइंग, बिलं नष्ट करू नका म्हणून आम्ही मागे लागतो.

म्हणून आमचा बहुतेक जोर क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतोय ती वाक्यं, लिहिण्यावर असतो. समजा, पंपाचा कंट्रोलर आहे : करंट सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, रिले आणि जीएसएम (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणारं) मॉड्यूल. मुख्य क्लेममध्ये ‘जीएसएम’ लिहिलंत की स्पर्धक वायफाय लावून सुटतो, कारण क्लेममधला प्रत्येक घटक त्याच्या वस्तूत सापडावा लागतो. तिथे ‘संदेशवहनाचं साधन’ लिहायचं, जीएसएम खालच्या, म्हणजे मुख्य क्लेमवर आधारलेल्या, क्लेममध्ये. फार रुंद लिहिलं तर जुना एखादा शोध समोर येतो आणि मुख्य क्लेम पडतो. तेव्हा खालचे अरुंद क्लेम कामाला येतात. दहा क्लेमपर्यंत जादा फी नाही, पुढे लघुउद्योगाला क्लेममागे ३२० रुपये. इथे कंजूषी करणारा पुढे वकिलाच्या फीत कितीतरी पट मोजतो. कलम ५९ मुळे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या वर्णनात) नसलेलं नंतर घुसडता येत नाही. निव्वळ सॉफ्टवेअर असेल तर त्याला पेटंट नाकारणारं कलम ३(के) आडवं येतं. हार्डवेअरवर होणारा तांत्रिक परिणाम पहिल्याच मसुद्यात हवा.

तारखा सांभाळा. प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांत फॉर्म १८, म्हणजे अर्ज तपासण्याची विनंती. अर्जाआधी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला तर तोच पुढे विरोधकाचा पुरावा होतो. प्रदर्शनाची सवलत फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे. मोठ्या कंपनीला ईमेल करण्याआधी गोपनीयतेचा करार हवा. न मागता आलेल्या कल्पना गोपनीय मानणार नाही, असं अनेक कंपन्या त्यांच्या अटींत आधीच लिहून ठेवतात.

नोटीस रागात पाठवू नका. धमकी निराधार ठरली तर कलम १०६ खाली उलट दावा तुमच्यावर येतो. आम्ही आधी क्लेम चार्ट बनवतो : डाव्या रकान्यात क्लेमचा घटक, उजवीकडे त्यांच्या वस्तूत तो कुठे दिसतो त्याचा फोटो किंवा मॅन्युअलचं पान. उजवीकडचा एक जरी चौकोन रिकामा राहिला, तर आम्ही नोटीस पाठवत नाही.