विषारी प्याद्याची बरोबरी: मोजणी २२ व्या खेळीपासून

गोव्यातल्या हडफड्याला २०२५ चा बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक झाला. प्रत्येक फेरीत आधी दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव, मग गरज पडली तर टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारे जलद डाव. तिथल्या बऱ्याच बरोबऱ्या पाहून 'खेळलेच नाहीत' असे कुणी म्हणाले, की मला नायडॉर्फ या सिसिलियन बचावातल्या प्रकारातले 'विषारी प्यादे', म्हणजे खाणे धोक्याचे असलेले प्यादे, आठवते.

काळ्याचा वजीर ८ व्या खेळीला बी२ चे प्यादे खातो. पांढरा १०.एफ५, १३.ई५ (१० व्या आणि १३ व्या खेळीला प्यादी पुढे) करत पटाचा मधला भाग फोडतो. २१ व्या खेळीला पांढरा वजीर एच६ वर येतो, जी३ वर हत्ती तयारच असतो आणि जी७ वर मात दिसू लागते. काळा डी१ वर हत्ती मारतो, पांढरा २२.उंट डी१ मारून तो परत घेतो, काळा हत्ती एफ७ वर आणून जी७ राखतो. २३.वजीर एच५, आता हत्तीवरच हल्ला! हत्ती एफ८ वर. २४.वजीर एच६, पुन्हा मातेची धमकी, हत्ती पुन्हा एफ७ वर, आणि हेच चक्र पुढे.

इथे प्यादी मोजा. पांढऱ्याची तीन, काळ्याची सहा. पांढऱ्याने हल्ला सोडला तर हरण्याची तयारी ठेवावी लागेल; काळ्याने जी७ सोडले तर मात. बरोबरी येते ती या ओढाताणीतून, म्हणून ती मला इतकी आवडते.

खरी चूक मोजणीत होते. या चक्रात एकही शह नाही, त्यामुळे 'सततचा शह' म्हणून पंचाला बोलावू नका. बरोबरीचा दावा करायचा तो तीच स्थिती तीनदा आल्याचा. वजीर एच६, हत्ती एफ८, खेळी काळ्याची: ही स्थिती २४ व्या खेळीला पहिल्यांदा येते असे मुले धरतात. ती आधीच, २२.उंट डी१ नंतर आलेली असते. म्हणजे २६.वजीर एच६ ही तिसरी वेळ.

ही खेळी स्कोअरशीटवर लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवून पंचाला सांगायचे. वजिराला हात लागला की त्या खेळीपुरता दाव्याचा हक्क गेला. लिहिलेली खेळी बदलता येत नाही. दावा चुकला तर क्लासिकल डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात आणि लिहिलेलीच खेळी करावी लागते.