अटल सेतूवरून एकटीने गाडी नेली: माझगाव ते जासई, माझा अनुभव

माझं माहेर जासई, उरण तालुक्यातलं, आणि सासर माझगाव. नकाशात बघाल तर दोन्ही समोरासमोर, मध्ये फक्त पाणी. लग्न झाल्यापासून मी माहेरी जायची ती भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरून, तासभर लाँच, मग मोऱ्याहून उरण, उरणहून जासई, आणि निघायच्या आधी भरती-ओहोटी बघायची कारण ओहोटी मोठी असली की मोऱ्याला गाळामुळे लाँच लागतच नाही, फेऱ्या बंद ठेवतात. रस्त्याने जायचं म्हटलं तर मानखुर्द, वाशी, बेलापूर असा अख्खा वळसा. त्यामुळे १३ जानेवारी २०२४ ला शिवडीहून समुद्रावरून थेट आमच्या बाजूला नेणारा अटल सेतू गाड्यांसाठी खुला झाला तेव्हा आमच्याकडे सणासारखा आनंद होता. फक्त दादा थोडा हिरमुसला, त्याच्याकडे बाईक, आणि सेतूवर बाईक, रिक्षा, ट्रॅक्टर काहीच चालत नाही.

सुरुवातीला हेच गाडी चालवायचे, मी बाजूला बसायची. मग आईच्या मोतीबिंदूचं ठरलं, हॉस्पिटल परळचं, तपासण्या, ऑपरेशन, नंतर परत दाखवायला येणं असं सगळं मिळून पाच-सहा खेपा, आणि ह्यांची शिफ्ट ड्यूटी. दर वेळी टॅक्सी करणं परवडण्यासारखं नव्हतं. लायसन होतं माझ्याकडे, गाडी मी भायखळा, दादर इतकीच नेलेली. म्हटलं आईला आणायचंय ना, मग शिकून घेऊ.

मला भीती समुद्राची वाटत होती. जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा पाण्यावर, मध्ये थांबायची सोय नाही, हे डोक्यात बसलं होतं. प्रत्यक्षात पूल हाच सगळ्यात सोपा भाग निघाला, आणि जे अवघड होतं त्याबद्दल मला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून हे लिहितेय. अवघड आहेत ते फाटे.

पहिल्या दिवशी मी सेतूवर पोचलेच नाही. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हच्या बोगद्याचं काम चाललंय, तिथून वाट काढत ईस्टर्न फ्रीवेवर, म्हणजे चेंबूरकडे जाणाऱ्या उंचावरच्या रस्त्यावर चढले, इतकं बरं वाटलं की आता सिग्नल नाही, खड्डे नाहीत, आणि त्या बरं वाटण्यातच घोळ झाला. फोनवर मॅप लावलेला, पण वर फ्रीवे आणि खाली पी. डिमेलो रोड, मी वर आहे की खाली हे त्याला कळेना, तो सारखा यू-टर्न घ्या म्हणत होता. मी फोनकडे बघतेय, मागून गाडी हॉर्न देतेय, आणि शिवडीचा फाटा आला तेव्हा मी नको त्या लेनमध्ये. बोर्ड वाचून होईस्तोवर फाटा मागे गेला. पुढे कुठे उतरायचं तेही सुचलं नाही, सरळ आणिकचा बोगदा पार करून चेंबूर. तिथे एका बाजूला गाडी लावून पाणी प्यायले, हात थरथरत होते. आईला फोन केला नाही, ह्यांनाच केला. ते म्हणाले, फाटा चुकला तर चुकला, ब्रेक मारू नको, मागे घेऊ नको, पुढे जा आणि फिरून ये. हे एक वाक्य मला सगळ्या क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर एका गाडीवाल्याने असाच फाटा चुकल्यावर फ्रीवेवर रिव्हर्स घेतला होता आणि मागचा टेम्पो कसाबसा वाचला.

दुसऱ्या वेळी रविवार निवडला, सकाळी साडेसहा. आदल्या रात्री कागदावर क्रमाने नावं लिहिली, ऑरेंज गेट, शिवडी, शिवाजीनगर, जासई, आणि चुकलं तर चिर्ले. फोनचा फक्त आवाज चालू ठेवला, स्क्रीन उलटी. शिवडी यायच्या बऱ्याच आधी लेन धरली आणि मग कोणी कितीही हॉर्न दिला तरी सोडली नाही. पुलावर चढताना आणि उतरताना वेग ४० ठेवायचा, वर गेल्यावर गाड्यांना १०० ची मर्यादा. मागचे लोक चढावरही घाई करतात, करू देत, तिथे वळण आहे आणि वर जाऊन दुसऱ्या बाजूच्या गाड्या मिळतात, ४० म्हणजे ४०.

आणि मग एकदम मोकळं. तीन लेन, कडेला इमर्जन्सी लेन, ओहोटी होती म्हणून शिवडीचा चिखल उघडा पडलेला. मी मधली लेन धरून ८० ने गेले. डाव्या हाताला ट्रॉम्बेकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर, त्या बाजूने काही अंतर आडोसा लावलाय, तिकडचं दिसत नाही. उजवीकडे घारापुरीचा डोंगर, लाँचमधून येताना नेहमी वर मान करून बघितलेला, आज जवळपास डोळ्यांच्या रेषेत. दादा जेएनपीटीत, म्हणजे न्हावाशेवा बंदरात कामाला, त्याने सांगून ठेवलं होतं की पुलाखालून जहाजं जायला पाहिजेत म्हणून काही ठिकाणी दोन खांबांमधलं अंतर १८० मीटरपर्यंत आहे, तिथे काँक्रीटऐवजी पोलादी गाळे टाकलेत. वारा मात्र खरा. बाजूने येतो, स्टिअरिंगला हलकी ओढ लागते, मोठी बस शेजारून गेली की जास्त. घट्ट आवळून धरायचं नाही आणि वेग थोडा कमी करायचा, एवढंच.

आणि प्लीज, तिथे फोटोसाठी थांबू नका. त्या दिवशी पण एक फॅमिली लहान मुलांना घेऊन कठड्याशी उभी होती, शेजारून गाड्या १०० ने जातायत. माझा जीव खालीवर झाला.

टोल फास्टॅगवर जातो, कारला एका बाजूचे २५० रुपये, परतीचं धरून ३७५. शिवाजीनगरचा फाटा आला, तो उलव्याचा, आपला नाही असं मी मोठ्याने बोलले आणि सरळ गेले. आणि एवढं करून जासईचा फाटा चुकला! पूल संपत आला, जमीन दिसली, शेतं, खाडी, आमच्या बाजूचे डोंगर, मी बघतच राहिले. पण यावेळी घाबरले नाही. पुढे चिर्ल्याला उतरले, आणि खरी परीक्षा तिथे होती, कंटेनरचे ट्रेलर. बंदराची सगळी वाहतूक त्या रस्त्यांना, चाळीस-चाळीस फुटांचे डबे, त्यांच्या डाव्या कुशीत आपण असलो तर ड्रायव्हरला आपण दिसतच नाही. मी ट्रेलरच्या मागे अंतर ठेवून राहिले, ओव्हरटेक केलं नाही, आणि फिरून जासईत आले. आई दारात उभी. "एकटी आलीस गो?" इतकंच म्हणाली आणि माझा हात धरून आत नेलं. भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण तयार होतं.

येताना उलटं ध्यान ठेवायचं. शिवडीला परत रस्ते फुटतात, फोर्टकडचा वेगळा, चेंबूरकडचा वेगळा, आणि दुपारनंतर ऊन समोरून येतं, बोर्ड उशिरा दिसतो. गॉगल ठेवा. मी समुद्र संपायच्या आधीच फोर्टची लेन धरते.

त्यानंतर सात खेपा झाल्या, फाटा चुकला नाही. ऑपरेशन नीट झालं. शेवटच्या वेळी दाखवून परत जाताना आई पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून बसली होती, पुलावर आल्यावर बराच वेळ उजवीकडे बघत होती. म्हणाली, "लाँच चालू हाय का गो अजून?" चालू आहे म्हटलं. मग म्हणाली पुढच्या खेपेला मला धक्क्यावरूनच ने, गाडी र्‍हाऊ दे. डॉक्टरांनी महिनाभर वारा आणि खारं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका सांगितलंय, तो महिना संपला की ओहोटीची वेळ बघून जाणार आहोत.