काजळी

माझी थोरली बहीण स्कॉटलंडमध्ये राहते आणि तिच्या बैठकीच्या खोलीत लाकडांवर चालणारी एक बिडाची, ठेंगणी, काचेच्या दाराची शेगडी आहे. हिवाळ्यात कुर्ल्याहून रात्री दहाला फोन लावला की तिकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. शेगडी पेटवण्याआधी गार काच पुसून घेण्याची तिची तीच वेळ असल्यामुळे आमचे निम्मे बोलणे त्या काचेसमोरच होते.

परवा तिने फोन जवळ नेऊन काच दाखवली. मधला भाग बरा होता, पण खालच्या दोन्ही कोपऱ्यांत काकवीसारखा तपकिरी, चकचकीत थर बसला होता आणि बाजारातली दोन औषधे फवारूनही तो ढिम्म हलला नव्हता. माझ्या खांद्यावरून पाहणारी आई म्हणाली, "अगं, राखेच्या ढिगापुढे बसून विकतची औषधं कसली लावतेस? वर्तमानपत्राचा बोळा भिजव, राखेत बुडव आणि घास." ताई हसली, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनीही तिला आदल्याच आठवड्यात हेच सांगितले होते.

आईचा या विषयातला अधिकार मोठा आहे. तिचे माहेर कऱ्हाडकडचे, आणि घरात कंदील अर्थातच जवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला, 'प्रभाकर' छापाचा. काचेच्या गोळ्यात लहान मुलाचाच हात शिरत असल्यामुळे रोज दिवेलागणीच्या आधी काच पुसण्याचे काम धाकटी म्हणून तिच्याकडे असे. राख मात्र तिची आजी स्वतः वस्त्रगाळ करून देई, कारण एखादा वाळूचा कण जरी राहिला तरी काचेवर कायमचा ओरखडा उठतो. मग आत तोंडाने वाफ सोडायची, बोळा फिरवायचा आणि शेवटी काच उजेडाकडे धरून पाहायची. लाकडाच्या राखेतला क्षार काजळीतला तेलकटपणा सोडवतो, हे रसायनशास्त्र त्या घरात कोणी शिकलेले नव्हते; भांडी राखेने निघतात तशी काचही निघते, एवढा हिशेब पुरेसा होता.

ताईने घासले आणि थर सुटला. पण आईचे समाधान झाले नाही. "लाकूड दाखव," ती म्हणाली. ताईने टोपलीतले एक लाकूड उचलले. त्याची साल अजून घट्ट चिकटलेली होती आणि टोकाला एकही भेग नव्हती. "ओलं आहे," आईने निकाल दिला. तिचे बरोबर होते. लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओलावा असेल तर आगीची बरीच ऊर्जा पाणी उडवण्यातच जाते, धूर पुरता जळत नाही आणि त्यातले डांबर तुलनेने गार असलेल्या काचेवर येऊन बसते. अशा शेगड्यांत दाराच्या वरच्या फटीतून आत येणारी हवा काचेवरून पडद्यासारखी खाली उतरावी आणि धुराला दूर ठेवावी अशी सोय केलेली असते. ऊब रात्रभर टिकावी म्हणून ताई नेमकी तीच हवा कमी करत होती. काच काळी होणारच!

फोन ठेवल्यावर मला आमचा कंदील आठवला. इमारतीचा पुनर्विकास झाला, नव्या घरात माळा आला नाही, पण आईच्या हट्टाने कंदील आला आणि गच्चीतल्या कपाटात बसला. तो शेवटचा पेटला 26 जुलै 2005 नंतरच्या रात्रींत, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आमची वीज किती तरी वेळ आलीच नव्हती. काढून पाहतो तर काचेच्या एकाच बाजूला, खालून वर निमुळती होत गेलेली काजळीची जीभ तेव्हापासून तशीच होती.

चौदाव्या मजल्यावर राख आणायची कुठून, असा मला प्रश्न पडला. आईने देव्हाऱ्यातले उदबत्तीचे घर आणून माझ्यासमोर ठेवले. हात आता आत जाईना, म्हणून चमच्याच्या दांड्याला कागद गुंडाळून मी चिमूटभर राखेने काच घासली. काजळी निघाली. आई मात्र काचेकडे पाहतच नव्हती. तिने बर्नर उघडून वात वर चढवली होती आणि चष्मा कपाळावर सारून ती डोळ्यांजवळ धरली होती.

"तिरकी कातरली आहे," ती म्हणाली. "त्या रात्री कात्री तुझ्या हातात होती."