तुम्ही विचारलंत म्हणून : ‘द किलिंग’च्या शेवटावर प्रेक्षक इतके का चिडले?

मी गुन्हेमालिका मन लावून पाहतो हे ठाऊक असलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: ‘द किलिंग’च्या पहिल्या सीझनच्या शेवटावर प्रेक्षक इतके का भडकले, आणि तो राग तुम्हाला पटतो का? उत्तर द्यायचे तर शेवट उघड करावेच लागतील. ज्यांना या मालिका अजून पाहायच्या आहेत, त्यांनी पुढचे वाचू नये.

राग मला पूर्णपणे पटतो. एएमसी वाहिनीने 2011 साली ही मालिका आणली, तेव्हा जाहिरातींतून एकच प्रश्न विचारला जात होता: रोझी लार्सनला कोणी मारले? सिएटलमधल्या या शाळकरी मुलीचा मृतदेह तलावातून वर काढलेल्या मोटारीच्या डिकीत सापडतो आणि पुढे 13 भाग सारा लिंडन व स्टीफन होल्डर हे दोन तपास अधिकारी तिच्या मारेकऱ्याचा माग काढत राहतात. 19 जून 2011 रोजी शेवटचा भाग आला. महापौरपदाचा उमेदवार रिचमंड याला अटक झालेली असते, कारण पुलावरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात तो ती मोटार चालवताना दिसतो. लिंडन मुलाला घेऊन विमानात बसलेली असते. विमान सुटायच्या बेतात असताना तिला फोनवरून कळते की त्या रात्री पुलावरचे कॅमेरे बंदच होते. म्हणजे पुरावा बनावट, आणि तो पुढे आणणारा होल्डर. तिकडे होल्डर एका गाडीत बसून छायाचित्राने काम केल्याचे सांगतो, गर्दीतून एक जण रिचमंडवर पिस्तूल रोखतो, आणि सीझन संपतो.

प्रसंग म्हणून ही बांधणी उत्तम आहे, हे मी आजही म्हणेन. मात्र प्रेक्षक तीन महिने ज्या प्रश्नासाठी दर आठवड्याला टीव्हीसमोर बसले होते, तो तसाच ठेवून त्यांना पुढच्या वर्षाचा वायदा देण्यात आला होता. रहस्यकथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक अलिखित करार असतो: तू लक्ष दे, मी उत्तर देतो. तो मोडला, याचा तो संताप होता. प्रेक्षकांना धीर नव्हता, असे निर्मात्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ते मला मान्य नाही. ज्या डॅनिश मालिकेवरून ही बेतली, ती ‘फोरब्रुडेल्सेन’ही 20 भागांची होती आणि मध्ये काही महिन्यांचा खंड घेऊन दोन टप्प्यांत दाखवली गेली, पण तिचा खुनी त्याच वर्षी, म्हणजे 2007 मध्येच, समोर आला.

उत्तर न देणे हा दरवेळी दोषच असतो, असे मात्र नाही. ‘द सोप्रानोज’ ही माफिया कुटुंबावरची अमेरिकी मालिका 10 जून 2007 रोजी अचानक काळ्या पडद्यावर संपली, तेव्हा अनेकांना केबल गेली असे वाटले आणि पुष्कळ जण चिडलेही. पण त्या मालिकेने ‘कोणी केले’ हा प्रश्न प्रेक्षकांपुढे कधी ठेवलाच नव्हता, त्यामुळे तेथे देणेही काही उरले नव्हते.

याच्या नेमकी उलट तक्रार ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या ब्रिटिश पोलीसमालिकेबद्दल ऐकू येते, आणि तेथे मी प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. पोलीस दलातल्या भ्रष्ट टोळीचा ‘चौथा माणूस’ कोण, हे सहाव्या सीझनच्या शेवटी, 2 मे 2021 रोजी, ब्रिटनमध्ये सुमारे 1 कोटी 28 लाख लोकांनी पाहिले. तो निघाला इयन बकल्स: कामात कच्चा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला, नुसत्या बढत्या मिळवत वर आलेला अधिकारी. एका शब्दाच्या स्पेलिंगमध्ये तो नेहमी करत असलेल्या चुकीने त्याला पकडून दिले. इतकी वर्षे थांबून हा ठोकळा मिळाला, म्हणून लोक हिरमुसले. परंतु बकल्स 2012 च्या पहिल्या सीझनपासून डोळ्यांसमोर होता, धागेदोरे मांडलेले होते आणि प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले होते. ते उत्तर आवडले नाही, ही निराशा मी समजू शकतो. फसवणूक झाली, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. शिवाय अशा सामान्य माणसाला सांभाळून घेणारी यंत्रणा मला कुठल्याही धूर्त खलनायकापेक्षा जास्त भयंकर वाटते.

‘द किलिंग’चे उत्तर अखेर 17 जून 2012 रोजी आले. रोझीला आधी बेदम मारहाण करणारा रिचमंडचाच विश्वासू सहकारी जेमी होता. पण डिकीत जिवंत मुलगी असलेली ती मोटार तलावात ढकलली तिच्या सख्ख्या मावशीने, टेरीने. आत कोण आहे हे तिला माहीत नव्हते. आतून येणाऱ्या किंकाळ्या मात्र तिला ऐकू येत होत्या, आणि ज्या पुरुषाबरोबर नवे आयुष्य सुरू करायचे होते त्याचा व्यवहार फिसकटू नये एवढ्यासाठी तिने गाडी गिअरमध्ये टाकली. टेरी हे बहिणीला सांगते तो प्रसंग या मालिकेतला सर्वांत चांगला प्रसंग आहे. तो पहिल्या सीझनच्या शेवटी दाखवला असता, तर वर्षभर ताटकळून सोडून गेलेल्या पुष्कळ प्रेक्षकांनीही तो पाहिला असता.