दुसरा तुकडा

सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडमध्ये भिण्यासारखं काही नव्हतं. जिभेच्या कडेवरच्या पांढऱ्या चट्ट्याचा छोटा तुकडा, वर केराटिन या कडक प्रथिनाचा जाड थर, खाली पेशी शिस्तीत. ‘डिस्प्लेसिया नाही’, म्हणजे पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल नाहीत, असं लिहून सही केली असती तर कुणी चूक काढली नसती.

पण सोबतच्या कागदावर ‘मागे लालसर’ असे दोन शब्द होते. तुकडा पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, तो कुठून घेतला? “जिथे सगळ्यात पांढरं होतं तिथून.” मला चैन पडेना. पांढरं नजरेत भरतं, पण धोका बहुधा लालात असतो.

ज्यांच्या जिभेचा तो तुकडा, त्या मावशींना बोलावून घेतलं. “दुखत नाही हो काही. तंबाखूला तर मी आयुष्यात हात लावला नाही.” हे ऐकून उलट काळजी वाढली, व्यसन नसताना उठलेला ल्युकोप्लाकिया, म्हणजे असा पांढरा चट्टा, जास्त दगा देतो. गॉजने जीभ धरून बाजूला ओढली. पुढचा चट्टा सपाट, सुकलेल्या चिखलासारखा भेगाळलेला, पुसून न निघणारा. बुरशी नव्हे. लायकेन प्लॅनस या आजारातली पांढरी जाळी कुठेच नाही, घासणारी दाढही नाही. आणि अगदी मागे, सहज तपासताना दिसणारच नाही अशा जागी, मखमली लाल भागावर पांढरे दाणे. दुसरी बायोप्सी तिथून घ्यायला लावली.

ती स्लाइड मी किती वेळ पाहत बसलो! एरवी तळाच्या पेशी कुंपणाच्या खुंटांसारख्या ओळीने उभ्या असतात. इथे त्या एकमेकींवर रेटल्या होत्या. खाली उतरणाऱ्या पेशींच्या घड्या लोंबत्या थेंबांसारख्या फुगलेल्या. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. विभाजन होणारी पेशी तळाशी असावी, ती पार वरच्या तिसऱ्या भागात सापडली. म्हणजे तीव्र डिस्प्लेसिया. आता प्रश्न उरला तळपडद्याचा, पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्याचा. तो फोडून पेशी खाली उतरल्या की त्याला कॅन्सर म्हणायचं. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, आणखी खोल कापून घेतला, एकेक सेक्शन कडेकडेने तपासला. पडदा शाबूत होता. त्या क्षणी डोळे भरून आले, खरंच.

चट्टा सगळा काढला. मावशी आता तपासणीला आल्या की खुर्चीत टेकता टेकताच जीभ बाहेर काढतात. मी आधी मागची कड बघतो. आणि बायोप्सीच्या अर्जावर जिभेचं चित्र छापून घेतलंय. तुकडा जिथून घेतला, तिथे फुली मारूनच पाठवायचा.